सहकारी बँकेच्या आतला कारभार ठेवीदाराने पाहावा का?

प्रश्न: ठेवीदार४११
आमच्या भागातली नागरी सहकारी बँक व्याज पाऊण टक्का जास्त देते, काउंटरवर कामही झटपट होतं. पण संचालक मंडळात दोन घरांचीच माणसं आहेत आणि नोकरभरतीत त्यांचेच नातलग. मुद्दल आणि व्याज वेळेवर मिळतंय तोवर ग्राहकाने या गोष्टीत पडावं का? आणि पडायचं ठरवलं, तर बाहेरच्या माणसाला आतलं दिसतं कुठे?

ताळेबंद_वाचक
पडावंच. चपलेच्या कारखान्यात वशिला चालत असला तरी चप्पल हातात घेऊन पारखता येते. बँकेत तुमच्या हातात फक्त पावती असते. पैसे कुणाला द्यायचे ते आतली माणसं ठरवतात.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए (एकूण कर्जांतला थकीत, बुडीत वाटेवरचा भाग) ३.७६ टक्के आणि नफा शंभर कोटींच्या जवळपास दाखवला होता. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम गटाकडे होती. ती झाकायला हजारो बनावट कर्जखाती दाखवली होती. त्या दिवसापर्यंत काउंटरवरची सेवा सुरळीतच होती, म्हणून सेवेवरून बँक जोखू नका.

आता कुठे बघायचं ते. वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत सोडा, ताळेबंदामागच्या टिपा उघडा.

१. सर्वांत मोठ्या २० कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे. लहान कर्जदारांच्या बँकेत हा आकडा दरवर्षी चढत असेल, तर का, ते विचारा.
२. संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडचं कर्ज. स्वतःच्या मुदत ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर घेतलेलं कर्ज अशा मोजक्या अपवादांखेरीज याला बंदी आहे. त्यामुळे आकडा शून्याजवळ हवा. मात्र शून्य म्हणजे स्वच्छ असं नाही, कारण कर्ज तिसऱ्याच्या भागीदारी फर्मच्या नावाने फिरवलेलं असू शकतं.
३. एनपीएमधली तफावत. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला एनपीए बँकेने दाखवलेल्यापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर जास्त असेल, तर तो फरक टिपेत द्यावा लागतो. माझ्या मते पूर्ण अहवालात प्रामाणिकपणाचं याहून चांगलं माप नाही.
४. दंड. रिझर्व्ह बँक तो कारणासह संकेतस्थळावर जाहीर करते. केवायसीतल्या त्रुटीचा दंड वेगळा आणि संचालकांशी संबंधित कर्जाचा वेगळा. दुसऱ्या प्रकारचा दिसला तर मी ठेव नूतनीकरण करणार नाही.

निव्वळ एनपीए (बुडीत कर्जासाठी केलेली तरतूद वजा करून उरलेला) ६ टक्क्यांच्या वर गेला की रिझर्व्ह बँकच सुधारणेचा बडगा उगारते. तिथवर थांबू नका.

कोकणकडा
वरच्या उत्तराशी अर्धाच सहमत. आकडेच खोटे असतील तर टिपा वाचून काय हाती लागणार? पीएमसीच्या अहवालातला एनपीए वाचून कुणालाही बँक ठीकच वाटली असती. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये तिजोरीतल्या रोकडीत १२२ कोटींचा अपहार उघड झाला. नोटा प्रत्यक्ष मोजल्यावर तो कळला, कागदावरून नाही. म्हणून कारभार जरूर पाहा, पण रक्कम आधी आटोक्यात ठेवा.

ठेव विमा ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. इथे बरेच जण चुकतात. ५ लाखांची ठेव ठेवली की साचणारं व्याज मर्यादेबाहेर जातं, म्हणून साडेचार लाखांच्या आत राहा. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला (नवरा-बायको आणि बायको-नवरा) तर विमा स्वतंत्र मिळतो. निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ पासून आहे, पण त्यासाठी संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील मुदतीत द्यावा लागतो. कागद अपुरे असले की रक्कम तिथेच अडकते.

ठेवीदार४११
हेच पतसंस्थेलाही लागू होतं का?

कोकणकडा
नाही! पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, आणि ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीही येत नाही. तिथे सहकार खातं. नावात ‘अर्बन’ असलं म्हणजे ती बँक असतेच असं नाही. पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे का, आणि ठेव विमा महामंडळाच्या यादीत नाव आहे का, दोन्ही पाहा.

सभासद_हक्क
बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर आणखी एक वाट आहे. नुसते ठेवीदार असाल तर सभेत मत नसतं. बँकेचे भाग (शेअर) विकत घेऊन नियमित सभासद व्हा. नाममात्र सभासदालाही मत नसतं, अर्ज भरताना हे नीट बघा. कलम ३२ प्रमाणे सभासदाला उपविधी (बँकेची स्वतःची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं पाहता येतात. वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते. प्रश्न सभेच्या बरेच दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेला प्रश्न ‘आयत्या वेळच्या विषयां’त गुंडाळला जातो आणि इतिवृत्तात उतरतच नाही. नातलगांच्या भरतीबद्दल विचारायचं असेल तर ‘जाहिरात कधी व कुठे दिली, अर्ज किती आले, परीक्षा कुणी घेतली’ असं मोजता येईल असं विचारा.