'हॉट ज्युपिटर'ला मराठीत काय म्हणावं?

दापोली: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'हॉट ज्युपिटर'वर, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांच्या गुरूसारख्या मोठ्या पण तापलेल्या ग्रहांवर फलक लिहितेय. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी ताऱ्याजवळ असा ग्रह सापडला. वजनाने गुरूच्या साधारण निम्मा, आणि वर्ष सव्वाचार दिवसांचं! मुलांनी 'उष्ण गुरू' लिहून आणलंय, पण मला ते मिळमिळीत वाटतं. आणि 'बहिर्ग्रह' लिहू की 'परग्रह'?

गुहागर: ताई, 'परग्रह' लिहा. गुरू-शनीलाही आपण बहिर्ग्रह म्हणतो, मुलं गोंधळतील. आणि 'तप्त गुरू'च हवं. 'उष्ण' हा प्रकृतीचा नि हवामानाचा शब्द आहे: पपई उष्ण, उष्ण कटिबंध. 'तप्त' म्हणजे तापवलेला. दुसऱ्या कुणीतरी तापवलंय हे त्यात आलंच. हे ग्रह ताऱ्याला इतके खेटून फिरतात की त्याच्या उजेडानेच भाजून निघतात.

मालवण: तप्त बरोबर. कुणी 'उकाडा' सुचवलं तर मात्र घेऊ नका. आमच्याकडे मे महिन्यात 'उकडता' म्हणतत ते हवेतल्या दमटपणामुळे. घाम वाळत नाही म्हणून जीव नकोसा होतो, पारा तेहेतीस-चौतीसलाच असतो. केल्ट-९ बी या ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे ४,३०० अंश सेल्सिअस आहे, कित्येक लाल ताऱ्यांपेक्षा जास्त. तिथल्या वातावरणात लोखंड नि टायटॅनियम वायुरूपात सापडलंय. अशांना 'अतितप्त' म्हणतील, पण मला 'रसरशीत' हवा. भट्टीतून काढलेलं लोखंड जसं स्वतःच लाल दिसतं, तसे हे ग्रह स्वतःच्या तापाने उजळतात. या शब्दात तो उजेड आहे, 'अति'त नाही.

दापोली: रसरशीत फारच आवडला, मथळ्यात घेते. एक बाजू कायम ताऱ्याकडे असते, त्याला काय म्हणू?

गुहागर: 'भरतीबद्ध' म्हणा. चंद्राच्या ज्या ओढीने आपल्या खाडीत पाणी चढतं, तशीच ताऱ्याची ओढ ग्रहाच्या गिरकीला लगाम घालते. शेवटी एक गिरकी आणि एक फेरी यांना सारखाच वेळ लागतो. किनाऱ्यावरच्या मुलांना हे लगेच कळेल.

देवगड: मग फलकावर भारताने नाव दिलेला ग्रहही घ्याच. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये 'बिभा' नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. त्याचा ग्रह 'संतमस' हाही तप्त गुरूच, दोन दिवसांत नि थोड्या तासांत फेरी पूर्ण करणारा. नाव ठेवताना 'ढगाळलेला' हा अर्थ धरलाय. अमरकोशात मात्र गाढ काळोख तो अंधतमस, विरळ तो अवतमस, आणि चहूकडे पसरलेला तो संतमस. ग्रह भरतीबद्ध असेल तर त्याच्या मागच्या बाजूला हा अर्थ जास्त शोभतो. 'बिभा'चं 'विभा' करू नका, नाव बंगालीतलं आहे.