शेतातली अकरा झाडं आणि पोकलेन

सरळतास (धागाकर्ता)

आठ हेक्टरचं एकसलग शेत आणि त्यात अकरा मोठी झाडं. बांधावर नाहीत, शेताच्या पोटात, मनाला येईल तिथे उगवलेली. मोठं पोकलेन लावून सगळी मुळासकट काढायचा विचार आहे. परवानगीचं मी बघून घेतलंय, त्यावर इथे खल नको. घरात दोन तट पडलेत, म्हटलं इथेही पाडून बघावेत.

झाड फक्त बुंध्याएवढी जागा अडवतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या ट्रॅक्टरवर बसावं. झाड आलं की वळसा, वळसा आला की तास मोडला. पेरणी कुठे दुबार पडते, कुठे पट्टा कोरा राहतो. फवारणी यंत्राचे लांब हात दर फेरीला मिटा नि उघडा. खाली मुळं फाळाला धरतात, वर फांद्या केबिनला ओरबाडतात. सावलीतलं पीक उंच, पिवळट, लोळणारं, वर काढणीला मागे राहणारं. म्हणजे सुकलेल्या धान्यात ओलं मिसळणार.

आणि काढायचं तर मुळासकट. नुसतं तोडलं तर बुडखा पिकात दडून बसतो आणि एक दिवस यंत्राची पाती खातो. बोला.

हिशेबनीस

आकडे मांडू. झाडाचा त्रास साधारण त्याच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत जाणवतो. पंधरा मीटर उंच झाड धरलं तर पंधरा मीटर त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे सुमारे ७०७ चौरस मीटर. अकरा झाडांचे ७,७७५, जवळपास पाऊण हेक्टरहून थोडं जास्त. त्या वर्तुळात पीक सगळं बुडत नाही, बुंध्याशी जास्त आणि कडेला कमी. सरासरी निम्मं गेलं असं समजा. आठ हेक्टरांत सुमारे ०.४ हेक्टरचं पीक, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. वळसे वेगळे.

कमी नाही, पण शेत बुडवणारंही नाही. दर वर्षी जाणारं हे पाच टक्के एका बाजूला ठेवा आणि यंत्र एकदा येऊन जे करून जाईल ते दुसऱ्या बाजूला.

ओलावा

दुसऱ्या बाजूचं मी सांगते. माझा विरोध झाडांच्या प्रेमापोटी नाही, मातीपोटी आहे.

वीस टनांचं यंत्र चेनवर चालतं, वजन पसरतं, त्यामुळे माती दबत नाही असं ऑपरेटर सांगतात. अर्धं खरं आहे. पसरल्याने वरच्या थरावरचा दाब कमी होतो. पण दाब किती खोल जाईल हे एकूण वजनावर ठरतं. वरचा थर नांगर मोकळा करेल. नांगराच्या खाली जे आवळलं जातं ते तुमच्या आवाक्याबाहेरचं, आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ओली माती असेल तर विचारूच नका. झाड गेल्यावर तिथे पीक वाढेल म्हणून बघायला जाल आणि यंत्र जिथे वळलं तिथे पाणी साचलेलं दिसेल.

मुळासकट काढणं म्हणजे चार मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा. उथळ वाटीसारखा धरला तरी साधारण दहा घनमीटर. खालची मेलेली माती वर येते, वरची जिवंत माती तळाला जाते. पुढची कित्येक वर्षं शेतात अकरा फिकट ठिपके मोजत बसाल.

या प्रश्नावर प्रत्यक्ष मोजमाप झालेलं आहे. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांनी १९७०च्या दशकात जमीन साफ करायच्या निरनिराळ्या पद्धती शेजारीशेजारी लावून वाहून जाणारी माती मोजली. झाडं ढकलून पाडून दात्यांच्या पात्याने मुळं उपसली तिथे धूप सगळ्यात जास्त. जमिनीलगत कापून मुळं तशीच ठेवली तिथे त्याच्या तुलनेत फारच कमी. यंत्र दोन्हीकडे होतं. फरक मुळं उपसण्याचा होता. म्हणजे तुम्ही ज्याला अर्धवट काम म्हणाल तेच मातीला परवडतं.

पोकलेनवाला

ताईंचं ओल्या मातीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी स्वतः ओल्यात मशीन उतरवत नाही. वाफसा असेल, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी, तेव्हा नांगर चालतो, मला त्याहूनही सुकी जमीन लागते.

पण खड्ड्याचं म्हणाल तर ते चालवणाऱ्याच्या हातात असतं. वरची माती आधी खरवडून एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. मुळं वर आली की बकेटने झटकून माती खड्ड्यातच पाडायची. भरताना खालची आधी, तीही थराथराने दाबत, वरची शेवटी. आणि थोडा उंचवटा ठेवायचा, कारण खड्डा पुढे बसतोच. हे काम डोझरला जमत नाही. तो पात्याने झाडाबरोबर वरची माती पण ओढून नेतो आणि ढिगात घालतो. मालकाला वाटतं शेत स्वच्छ झालं, खरं तर शेत ढिगात गेलेलं असतं.

आता दादांना एक सांगतो. पाडायचं असेल तर आधी तोडू नका. उभं खोड हीच तुमची पहार. तीन बाजूंनी चर मारून बाजूची मुळं तोडायची, पडायच्या दिशेची ठेवायची, मग वर मशीनचा हात लावून हळू रेटायचं. मुळांचा बहुतेक पसारा वरच्या दोन-तीन फुटांत असतो, लोक सोटमुळाला उगाच घाबरतात. तोडून बुडखा ठेवलात की पहार गेली, मग त्याच कामाला कितीतरी जास्त वेळ आणि जास्त खोदाई.

फक्त दोन ठिकाणी माणसं मरतात. एक, वाळकी फांदी किंवा शेंडा तुटून केबिनवर येतो. वरून जाळी नसलेली मशीन झाडाखाली घालूच नये. दोन, झाड कलंडताना मुळांची थाळी जमिनीतून उचलते. मशीन त्या थाळीवर उभी असेल तर मशीन पण उचलते.

आणि ट्रॅक्टरला साखळी बांधून झाड ओढायचं कुणी सुचवलं तर त्याला घरी पाठवा. साखळी मागच्या ड्रॉबारपेक्षा, म्हणजे ओढायच्या खालच्या दांड्यापेक्षा, वर बांधली आणि झाड हललं नाही, तर ट्रॅक्टरच पुढून उठतो आणि मागे उलटतो. क्लचवर पाय जाईपर्यंत खेळ संपलेला असतो.

जुनं_खोड

यंत्रावरचा विश्वास बघून मला टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया, आठवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची टंचाई होती, म्हणून सरकारने पूर्व आफ्रिकेत भुईमूग लावायची योजना काढली. कागदावर सुमारे ३२ लाख एकर. १९४७ मध्ये कोंग्वाला काम सुरू झालं. युद्धातले उरलेसुरले बुलडोझर आणले, शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर बनवले, दोन यंत्रांमध्ये जाड साखळी ताणून झुडुपं लोळवली. गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे तरीही भारी पडले. झाडं पडल्यावर खरी मजा. मुळांच्या जाळ्याने नांगर मोडले, आणि पाऊस सरताच तिथली चिकण माती अशी भाजून निघाली की शेंगा जमिनीतून निघेनात. जानेवारी १९५१ मध्ये योजना गुंडाळली, साडेतीन कोटींहून जास्त पौंड पाण्यात.

झाड पाडता येतं का हे त्यांनी नीट तपासलं. खालची माती कसली आहे हे तपासायचं राहून गेलं.

सरळतास

काका, गोष्ट झकास, पण ३२ लाख एकर आणि माझी अकरा झाडं? त्यांनी रान साफ केलं. माझी जमीन पिढ्यान् पिढ्या नांगराखाली आहे, माती कसली आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

@ओलावा, लालांचे प्रयोगही रान मोडून शेत करण्याचे. तिथे सगळं क्षेत्र उघडं पडतं. माझ्याकडे अकरा खड्डे. धुपीचा मुद्दा इथे तसाच्या तसा लागू होत नाही.

ओलावा

हो, प्रमाण वेगळं आहे, हे मान्य. यंत्र अकरा खड्ड्यांपर्यंत उडत जाणार आहे का, एवढंच सांगा.

सावलीकर

सगळे नुकसानच मोजताय. झाड काय देतं ते कोण मोजणार? १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी भागात धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेली. तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३४ पासून १९४२ पर्यंत नॉर्थ डकोटा ते टेक्सास सुमारे २२ कोटी झाडं लावली, शेतांच्या कडेने, वारा अडवायला. झाडांच्या पट्ट्यामागे उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर ठळकपणे कमी असतो. हिशेबनीस, तुम्ही उंचीच्या एक पट अंतरातलं नुकसान मोजलंत, दहा पट अंतरातला फायदा सोडून दिलात!

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात तर शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे राखून सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आणली. पेरलेल्या शेतात, पिकाच्या मधोमध. लावलेलं रोप जवळजवळ नाहीच, नुसतं राखणं.

हिशेबनीस

सोडून दिला नाही, तो इथे मिळत नाही. दहापट फायदा सलग पट्ट्याचा, वाऱ्याला आडवा लावलेला. विखुरलेलं एकटं झाड वारा अडवत नाही, वारा दोन्ही बाजूंनी वळून जातो. आणि त्याच अमेरिकन पट्ट्यांतले कित्येक पुढे त्यांच्याच नातवंडांनी उपटले. गोल फिरणारी सिंचन यंत्रं आली, पट्टे आडवे आले. सरळतास यांचीच तक्रार.

नायजरमधलं एक महत्त्वाचं झाड पावसाळ्यात पानं टाकतं आणि कोरड्या ऋतूत हिरवं होतं. ऐन पिकाच्या वेळी त्याची सावलीच नसते. असं झाड असेल तर मी पण म्हणेन, हात लावू नका. @सरळतास, तुमची झाडं कुठली, कुठे उभी, हे तुम्ही अजून सांगितलंच नाही.

पाणथळ

वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही. आम्ही सखल कोपऱ्यातली चार झाडं काढली. उत्तम काम झालं, खड्डेसुद्धा नीट भरले. दुसऱ्या पावसाळ्यापासून तो कोपरा ट्रॅक्टरला चालेना. मोठं झाड उन्हाच्या दिवसात शेकडो लिटर पाणी ओढून हवेत सोडतं. ते चार पंप आम्ही स्वतःच्या हाताने बंद केले होते. आता तिथे चर काढलाय, त्या चराने झाडांपेक्षा जास्त जागा खाल्ली.

आमचं पाणी निदान गोडं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात खालचं पाणी खारं. तिथल्या गहूपट्ट्यात खोल मुळांची झाडं जाऊन उथळ मुळांचं पीक आलं, भूजल वर चढलं आणि मीठ घेऊन चढलं. वुड नावाच्या रेल्वे अभियंत्याने हे कारण १९२४ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यानंतरही साफसफाई चालूच राहिली. आज तिथे दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन खारावलेली आहे.

सरळतास

आज सकाळी वही घेऊन फिरलो. @हिशेबनीस, घ्या.

चार झाडं पश्चिमेच्या कडेपासून वीस-पंचवीस मीटरवर, जवळजवळ एका रांगेत. वारा तिकडूनच येतो. एक सखल भागात, आणि @पाणथळ यांचं वाचल्यावर त्याच्याकडे बघायची नजर बदलली, हे कबूल. पाच अगदी मधोमध, सगळा वैताग त्या पाचांचा. अकरावं पोकळ आहे, वर अर्धं वाळलेलं.

तर मधली पाच जाणारच, त्यावर मी हटत नाही. रांगेतली चार राहू देतो. नाहीतरी त्या कडेला वळायला जागा सोडावीच लागते, ती झाडांच्या पलीकडे न सोडता अलीकडे सोडीन. सखलातलं राहील. पोकळ झाडाचं कळत नाही.

सावलीकर

पोकळ झाड ठेवा. ढोलीत घुबड असेल तर तुमच्या शेतातले उंदीर तेच खातंय.

पोकलेनवाला

पोकळ झाड मी ढकलणार नाही, आधीच सांगून ठेवतो. ते मधेच मोडतं आणि कुठे पडेल सांगता येत नाही. काढायचंच असेल तर वरून तुकड्या-तुकड्याने, करवतवाला चढवून. नाहीतर राहू द्या.

ओलावा

पाचांचं ठरलंच आहे तर तीन विनंत्या. यंत्राला येण्याजाण्याचा एकच रस्ता आखून द्या, त्याच चाकोरीतून पाचही झाडं. तेवढीच पट्टी दबेल, आणि ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल. ढीग शेतात पेटवू नका, ढिगाखालची माती भाजून मरते आणि खाली राहिलेली मुळं आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहतात. लाकडाचा भुगा करून घेतलात तर तो मातीत मिसळू नका, वर पसरा. मिसळला की कुजताना आसपासचं नत्र ओढून घेतो आणि तुमचं पीक पिवळं पडतं, मग सावलीला शिव्या द्यायची सोय राहणार नाही.

मी अजूनही जमिनीलगत कापायच्याच बाजूने आहे.

हिशेबनीस

इथे मी सरळतास यांच्या बाजूने. दर वर्षी नांगराखाली येणाऱ्या शेतात पाच बुडखे म्हणजे पाच नवीन वळसे, फक्त सावली वजा. शिवाय काही जातींत मुळांवरूनच धुमारे फुटतात, एक कापलं की वर्षभरात वीस. पुढे तिथे फळबाग करायची असेल तर कुजणाऱ्या मुळांवरची बुरशी नव्या झाडांच्या मुळांत शिरते, ते वेगळंच.

ओलावा

फळबाग कोण लावतंय? झाडं काढून झाडं?

सरळतास

😄 घरातला दुसरा तट नेमका तेच म्हणतोय.

@पोकलेनवाला, जमीन पुरती सुकायला अजून वेळ आहे. पाच झाडांना किती दिवस धरायचे?

पोकलेनवाला

झाडं बघितल्याशिवाय नाही सांगणार. यायच्या आधी जमिनीखालची पाइपलाइन कुठून गेली आहे ते चुना टाकून ठेवा. मालक म्हणतो तिकडे काही नाही, आणि ती हमखास तिकडेच असते.