राखीव चिलर आहे, पण तो चालणार कशावर?

प्लांटरूम_नागपूर
रुग्णालयात राखीव वातानुकूलनाचा विषय निघाला की व्यवस्थापन एकच विचारतं: दुसरा चिलर (वातानुकूलनासाठी पाणी गार करणारं यंत्र) आहे ना? माझ्या मते एवढं विचारून भागत नाही.

मी ज्या रुग्णालयाचा प्लांट सांभाळत होतो तिथे २०० टनांचे (टन हे गारव्याच्या क्षमतेचं माप) दोन वॉटर-कूल्ड, म्हणजे पाण्यावर थंड होणारे चिलर होते, एक चालू, एक राखीव. ऐन मे महिन्यात जलवाहिनी फुटली. दोन्ही कूलिंग टॉवर (पाण्याची वाफ करून चिलरची उष्णता बाहेर टाकणारे मनोरे) एकाच टाकीवर. पूर्ण भाराला २०० टनांमागे तासाला साधारण १,३०० लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरचे तीन टँकर. संध्याकाळी टाकी तळाला गेली आणि राखीव चिलर ठणठणीत असून बंद राहिला. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो दिवस मला अजून छळतो.

सिंगापुरात १४ ऑक्टोबर २०२३ ला असंच झालं. डेटा सेंटरमध्ये काम चालू असताना एक चुकीचा संदेश गेला, थंड पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद झाले, आणि डीबीएस व सिटी या बँकांचे सुमारे २५ लाख व्यवहार अडले. म्हणून आधी मोजा ते सामाईक काय आहे ते: पाणी, विजेचं पॅनल, पंप, हेडर (सगळ्या यंत्रांचं पाणी एकत्र नेणारा मोठा पाइप).

भूलतज्ज्ञ_४०खाटा
सामाईक ते सगळं दुहेरी करायचं, तर पैसे कुठून आणायचे? त्याच पैशात मी आयसीयूला रात्रपाळीच्या दोन परिचारिका वाढवीन, रुग्ण त्यांनी वाचतात.

गारवा नेमका कुणाला हवा ते आधी ठरवा. शस्त्रक्रियागृह, आयसीयू, नवजात कक्ष आणि रक्तसाठा, बस. प्लेटलेट्सना २० ते २४ अंश लागतात, ओपीडीला नाही. एवढ्या खोल्यांना स्वतंत्र स्प्लिट एसी बसवून जनरेटरवर घ्या. सगळं रुग्णालय एका मोठ्या यंत्रावर टांगलं, चूक तिथेच आहे.

प्लांटरूम_नागपूर
डॉक्टर, प्राधान्यक्रमाचं तुमचं म्हणणं मान्य. पण शस्त्रक्रियागृहात स्प्लिट नको. तो खोलीतलीच हवा फिरवतो. ताजी हवा नाही, जंतू अडवणारा हेपा फिल्टर नाही, बाहेरची हवा आत येऊ न देणारा दाब नाही. तिथे वेगळा एएचयू (हवा गाळून, थंड करून आत सोडणारं यंत्र) आणि त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसरच हवा. शिवाय एअर-कूल्ड, म्हणजे बाहेरच्या हवेवर थंड होणाऱ्या यंत्राची कॅटलॉगमधली क्षमता ३५ अंशांना मोजलेली असते. आमच्याकडे गच्चीवर ४५ असतात, त्या उन्हात ते तेवढं देत नाही.

सल्लागार_पुणे
दोघंही यंत्र विकत घेण्याचंच बोलताय. भाड्याचा चिलर ट्रकवर येतो. पाइपला फ्लँज (जोडणीची चकती) आणि विजेची जोडणी आधीच काढून ठेवा, करार करून ठेवा. खर्च फारच कमी.

प्लांटरूम_नागपूर
उष्णतेची लाट आली की सगळ्यांना तो एकाच दिवशी हवा असतो, तेव्हा ट्रक कुणाच्या दारात लागणार? १९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा गायज अँड सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटर त्याच दिवशी बंद पडली. डॉक्टर कित्येक दिवस कागदावर काम करत होते. जोडण्या जरूर काढा, पण निव्वळ भाड्याच्या भरवशावर राहू नका.

सल्लागार_पुणे
करारात मशीन आपल्यासाठी राखून ठेवता येतं, मार्च ते जून. त्याचे पैसे पडतात, तरी विकत घेण्यापेक्षा कमी. बिघाड काही फक्त लाटेतच होत नाहीत.

भूलतज्ज्ञ_४०खाटा
स्प्लिटबद्दलचं पटलं; शस्त्रक्रियागृहाला वेगळा एएचयू बघते. टाकीचा हिशेबही उद्याच करून घेते, पाण्याचा विचार मी खरंच केला नव्हता. दुसरा चिलर मात्र घेणार नाही. ते पैसे परिचारिकांचेच.