तापात व्यायाम नको, पण व्यायामच बंद हा उपाय नाही

वर कोणीतरी लिहिलंय की विशी-पंचविशीतली पोरं खेळता खेळता कोसळतायत म्हणजे पळणं, जिम सगळंच हार्टला धोक्याचं. अर्धंच पटलं. असे प्रकार होतात, पण बऱ्याचदा आधीपासून काहीतरी दडलेलं असतं, हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणं वगैरे, व्यायाम फक्त ते उघडं पाडतो. बसून राहणाऱ्यांचं नुकसान हळूहळू होतं म्हणून दिसत नाही इतकंच. डब्ल्यूएचओ तर 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते.

इथे तापाचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितोय. माझा भाचा फुटबॉल खेळतो, दोन दिवस अंगात ताप आणि मॅचच्या सकाळी पॅरासिटामॉल घेऊन साहेब बुटांच्या नाड्या बांधतायत, म्हणे आता ताप उतरलाय! गोळीने थर्मामीटरवरचा आकडा उतरतो, व्हायरस कुठे जातो? कधीकधी तो हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि तिथे सूज येते, मायोकार्डायटिस म्हणतात त्याला, आणि अशात जोर लावला की ठोक्यांची लय बिघडू शकते. एकदा झालाच तर साधारण 3 ते 6 महिने खेळ बंद. मी सरळ बूट काढून घेतले, आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. आणि हो, पळता पळता चक्कर येऊन पडलं, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल, तर ईसीजी (ठोक्यांचा आलेख) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून मगच मैदानात.