ब्लॅकजॅक टूर्नामेंटमध्ये बटणच चुकीचं फिरवलं, दाद कुणाकडे मागायची?

जर्सीची_ताई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा, दोन आठवडे झाले तरी हे डोक्यातून जात नाहीये. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या एका कसिनोत (नाव घेत नाही) ब्लॅकजॅकची टूर्नामेंट होती, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा २१ च्या जास्त जवळ जायचं पण २१ ओलांडायचं नाही, तो पत्त्यांचा खेळ. फी १५० डॉलर, एका टेबलावर सहा जण, प्रत्येकाला ५००० च्या टूर्नामेंट चिप्स, २० डाव, आणि शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिप्स तो पुढच्या राउंडला. पहिली बेट कुणी लावायची ते दाखवायला बटण असतं आणि ते दर डावाला एक सीट पुढे सरकतं. मी पाच नंबरच्या सीटवर होते. १३ व्या डावात बटण चार नंबरवर होतं आणि नेमका तोच माणूस सगळ्या चिप्स घालवून उठला. म्हणजे पुढचं बटण माझ्याकडे यायला हवं की नाही? डीलरने सरळ सहा नंबरसमोर नेऊन ठेवलं. मी लगेच बोलले, तिने सुपरवायझरला हाक मारली, पण तो येईपर्यंत पत्ते वाटून झालेले, आणि तो म्हणाला डाव सुरू झालाय, आता असंच चालू द्या.

आता याने झालं काय ते बघा. बटण बरोबर फिरलं असतं तर शेवटच्या डावाला पहिली बेट सहा नंबरची आणि सगळ्यात शेवटची माझी. चुकल्यामुळे पहिली एक नंबरची, आणि शेवटची सहा नंबरची. लढत माझी आणि त्याचीच होती, माझ्याकडे ६४०० आणि त्याच्याकडे ६९००, हा आकडाही नंतर कळला कारण त्याच्या सगळ्या रंगांच्या चिप्स एकाच ढिगात पडलेल्या. मी डीलरला म्हटलं जरा मोजून सांगा, तर म्हणाली मोजत बसायला वेळ नाही, दिसतायत तेवढ्या बघा. बरं, माहितीपत्रकात जास्तीत जास्त बेट ५००० लिहिलेली आणि टेबलावरच्या पाटीवर २५००! मी २५०० लावले, त्याने माझ्याकडे बघून तेवढेच लावले. माझे १८, त्याचे १७, डीलरचे १९. दोघंही हरलो, माझे राहिले ३९००, त्याचे ४४००, तो पुढे गेला. हरण्याचं दुःख नाही हो, पत्त्यांचा खेळ आहे, पण ही चूक त्यांची होती आणि ती मी वेळेत दाखवली होती. सगळीकडे असंच चालतं का?

गणित_मास्तर

ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे. ज्यांना वाटतं की बटणाने काय एवढं बिघडतं त्यांच्यासाठी लिहितो. रोजच्या ब्लॅकजॅकला आपली लढत फक्त डीलरशी, शेजारी काय लावतो याच्याशी देणंघेणं नाही. टूर्नामेंटमध्ये डीलर हा निमित्तमात्र, खरी लढत शेजाऱ्याशी. तो ५०० ने पुढे आणि त्याने तुमच्याएवढीच बेट लावली, मग दोघं जिंकलात तरी तो पुढे, दोघं हरलात तरी तोच पुढे. डबल (बेट दुप्पट करणं) आणि स्प्लिट (सारख्या पत्त्यांचे दोन हात करणं) सोडलं तर तुमचा निकाल त्याच्यापेक्षा चांगला लागला तरच तुम्ही पुढे जाता, आणि डीलर दोघांसमोर एकच असल्यामुळे डीलर फुटला (२१ च्या वर गेला) तर तोवर न फुटलेले दोघंही जिंकता, म्हणजे तसं होणं आणखी दुर्मीळ.

आता उलटं धरा. त्याने आधी २५०० लावले असते तर तुम्ही फक्त १०० लावायचे. तो हरला की ४४०० वर आला, तुम्ही हरलात तरी ६३०० वर. आणि ब्लॅकजॅकमध्ये खेळाडू साधारण निम्म्याच्या जवळपास डाव हरतो, म्हणजे जवळजवळ निम्मा चान्स तुमचा. त्याने भिऊन १०० च लावले असते तर तुम्ही मोठी बेट लावून जिंकायचा प्रयत्न करायचा. त्याच्या प्रत्येक बेटला तुमच्याकडे उत्तर होतं, बटणाच्या त्या एका चुकीने ते हातातून गेलं. वर शेवटी बेट लावणारा पत्तेही शेवटी खेळतो, म्हणजे तुमचे १८ बघून त्याने ठरवायचं. आणि चिप्स मोजून न देणं तर मला बटणापेक्षाही जास्त खटकलं, कारण समोरच्याकडे किती आहेत हे कळलंच नाही तर हे सगळं गणित कशाच्या जोरावर करायचं?

वेगासचा_डीलर

ताई, मी वेगासला बरीच वर्षं पत्ते वाटले, आता सोडलं. आतली गोष्ट सांगतो. डीलर वर्षभर जो खेळ चालवतो त्यात बेट लावायचा क्रम नसतोच, सगळे एकदम लावतात. आमच्याकडे टूर्नामेंटच्या दिवशी सकाळी दहा मिनिटं माहिती द्यायचे आणि बटण हातात. कुणी मधेच बाद झाला की बटण कुठे न्यायचं हे अर्ध्या डीलरना पक्कं माहीत नसायचं. सुपरवायझरला पुढच्या राउंडची माणसं बाहेर उभी असल्याची घाई. कसिनोला टूर्नामेंट म्हणजे लोक आणायचं साधन, बाद झालेला माणूस बाहेर पडतो तो थेट साध्या टेबलावर जाऊन बसतो, त्यांची कमाई तिथे. त्यामुळे नियमांवर मेहनत घेतली जात नाही. हे चूक आहे, आणि तिथे काम करतानाही मी हे वरच्यांना सांगायचो.

पुढच्या वेळी एक करा, पहिला पत्ता बाहेर यायच्या आत हात वर करून मोठ्याने थांबवा आणि सुपरवायझर येईपर्यंत बेट लावूच नका. एकदा पत्ते पडले की डाव मागे घ्यायला कुणी तयार होत नाही. आमच्या वेगासच्या नेवाडा राज्यात ५०० डॉलर किंवा त्यावरच्या रकमेचा वाद मिटला नाही तर कसिनोने स्वतःहून गेमिंग कंट्रोल बोर्डाला (कसिनोंवर देखरेख करणारं सरकारी खातं) कळवायचं असतं, त्याहून कमी असेल तर बोर्डाकडे जायचा हक्क आहे हे ग्राहकाला सांगायचं असतं. तुमच्या न्यू जर्सीत असंच सरकारी खातं म्हणजे डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंट, त्यांच्याकडे तक्रार करता येते. किती वाजता, कितवं टेबल, कितवा डाव हे लिहा, वर कॅमेरे असतात.

मांडवीकाठ

मी गोव्याहून, पोकरवाला आहे, कसिनोच्या बोटींवर पोकरच्या टूर्नामेंट खेळलोय. आमच्यात भांडणं नसतात असं नाही पण नियम एका जागी लिहिलेले तरी असतात. २००१ मध्ये टूर्नामेंट डायरेक्टरांची संघटना निघाली, तिचे नियम जगभर वापरतात, चिप्स कशा रचायच्या, मोठ्या किमतीच्या समोर दिसतील अशा ठेवायच्या, हे सगळं त्यात आहे. ब्लॅकजॅकला मात्र ज्याचं कसिनो त्याचे नियम. सरेंडर (अर्धी बेट देऊन डाव सोडणं) आहे का, बेटपेक्षा कमी रकमेचं डबल चालतं का, पहिल्या दोन पत्त्यांतच २१ म्हणजे ब्लॅकजॅक आलं तर बेटच्या दीडपट मिळतात की ५ ला ६, सगळं टेबलावर बसल्यावर कळणार. ताई, एक विचारायचं होतं, फी किती जमली आणि बक्षिसं किती वाटली?

जर्सीची_ताई

@मांडवीकाठ, बारा टेबलं होती, म्हणजे ७२ जण, १०,८०० डॉलर जमले. बक्षिसं सगळी मिळून ७५००, आणि पहिल्या बक्षिसाच्या ४००० मधले निम्मे फ्री प्ले, म्हणजे ते तिथेच खेळून संपवायचे, रोख घरी न्यायचे नाहीत! आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात फक्त ४०००. मी तिथे बसले असताना हा हिशोब केलाच नव्हता.

मास्तर, तुमचं वाचून काल रात्री मी आणि नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर चिप्सऐवजी चवळीचे दाणे घेऊन तो शेवटचा डाव दोन्ही क्रमांनी पन्नास-पन्नास वेळा खेळून बघितला, फरक डोळ्यांनी दिसतो.

वेगासच्या दादा, तक्रार भरली. १४ वा डाव, टेबल नंबर, वेळ सगळं घातलं. पैसे परत मिळतील म्हणून नाही, ते फुटेज कुणीतरी बघावं म्हणून. त्याच कसिनोचं पुढच्या महिन्याचं निमंत्रण आलंय, त्यांना उलट लिहिलं की नियमांचा पूर्ण कागद आणि बक्षिसांचा तपशील आधी पाठवा, मग फी भरते. अजून उत्तर नाही. आलं की इथे टाकते.

वेगासचा_डीलर

कागद आला तर खेळाडू बाद झाल्यावर बटण कुठे जातं ती ओळ आहे का ते आधी बघा. नसेल तर पुन्हा लिहा.