इंदूरचं नमकीन दुबईत: तिथे स्वतःची कंपनी काढून फायदा कशात?

सांवेररोड: सेव-मिक्श्चरचा कारखाना आहे. माल दुबईचा एक आयातदार घेतो. तिथे आपलीच कंपनी काढायचं चाललंय. सीए म्हणतात कर वाचेल, मेव्हणे म्हणतात फ्री झोन (वेगळ्या नियमांचं व्यापारक्षेत्र) स्वस्त पडेल. खरं काय? आणि पैसे इथून न्यायचे कसे?

हिशेबनीस: कराचं आधी डोक्यातून काढा. यूएईत जून 2023 पासून कंपनीच्या नफ्यावर कर आहे: 3,75,000 दिरहमपर्यंत शून्य, त्यावर 9 टक्के. इंदूरहून आपल्याच कंपनीला पडत्या भावात माल देऊन नफा तिकडे सरकवाल, तर इथे ट्रान्स्फर प्रायसिंगचा, म्हणजे आपल्याच कंपनीला बाजारभावाने माल दिला का, असा प्रश्न उभा राहतो.

फायदा आहे तो बाजारात. किराणा दुकानं आणि सुपरमार्केटं पूर्ण कंटेनर घेत नाहीत. त्यांना थोडा थोडा माल, तोही उधारीवर आणि तिथल्या व्हॅटच्या बिलावर हवा असतो. हे काम आज आयातदार करतो, म्हणून मधला नफा त्याचा. मालाची पालिकेतली नोंदणीही बहुधा त्याच्याच नावावर असेल. उद्या त्याने दुसऱ्याचं नमकीन धरलं तर तुमची सुरुवात पहिल्यापासून. नोंदणी आणि ट्रेडमार्क आपल्या नावावर असणं हाच मोठा फायदा, बाकी सगळं नंतर.

सियागंजवाला: मेव्हण्यांचं अर्धंच खरं. फ्री झोनचा परवाना स्वस्त असतो, पण नुसत्या त्यावर शहरातल्या दुकानांना थेट माल घालता येत नाही, वेगळी परवानगी नसेल तर मधे वितरक लागतो. म्हणजे ज्याला टाळायला निघालात तोच परत आला! तुमच्या कामाला मेनलँड (फ्री झोनबाहेरचा, शहरातला) परवाना बरा. जून 2021 पासून बहुतेक धंद्यांना 51 टक्क्यांचा स्थानिक भागीदार लागत नाही.

स्वस्त पॅकेजात ‘फ्लेक्सी डेस्क’ (सामायिक ऑफिसातलं एक टेबल) देतात. त्या टेबलावर नमकीनची पोती कुठे ठेवणार? खाद्यपदार्थांना मान्यतेचं गोदाम लागतं. बँकही खातं उघडताना भाडेकरार नि खरेदीदारांची कागदपत्रं मागते. परवाना हातात आणि खातं नाही, असे बरेच अडकतात.

हिशेबनीस: पैशाचं. स्वतःच्या नावाने न्यायचे तर माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा, आणि 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर). तो पुढे करात वळता होतो, पण तोवर भांडवल अडकतं. कारखाना कंपनी असेल तर कंपनीतून गुंतवा: नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) 400 टक्क्यांपर्यंत मुभा, टीसीएस नाही. आधी बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज), मग यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळखक्रमांक), मगच पैसे. पुढे वार्षिक अहवाल दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत. तो चुकला की विलंबशुल्क, आणि ते निस्तरेपर्यंत पुढची गुंतवणूक बंद.

मेव्हण्यांनी तिथे फी भरायची नि तुम्ही इथे रोख द्यायची, हे मुळीच करू नका. तो हवाला होतो.

सांवेररोड: फ्लेक्सी डेस्कचा ॲडव्हान्स थांबवतो. पाकिटावर तारखेचं स्टिकर चालेल का?

सियागंजवाला: अरबी मजकुराचं चालतं. उत्पादनाची नि मुदतीची तारीख मात्र पाकिटावरच छापलेली हवी. आणि माल इंदुरात बनत असेल तर ‘रतलामी सेव’ छापू नका, त्या नावाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे.