‘पठार’, ‘पठारावस्था’ की नुसतं ‘अडकणं’? खेळातल्या शिकण्याच्या आलेखाचे शब्द

विचारणा

बॅडमिंटन प्रशिक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतोय आणि दोन शब्दांवर घोडं अडलंय: ‘लर्निंग कर्व्ह’ (सरावागणिक शिकणं कसं वाढतं ते दाखवणारी रेषा) आणि ‘प्लॅटो’ (प्रगती थांबल्यासारखी रेषा सपाट राहते तो काळ). शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘अध्ययन वक्र’ आणि ‘पठारावस्था’ मिळतात. पण कोर्टवर उभा असलेला प्रशिक्षक कधी म्हणेल का, “सध्या तुझी पठारावस्था चालू आहे”? ‘प्लॅटो’ तसंच ठेवावं तर वाचक थेट ग्रीक तत्त्वज्ञानात जाऊन पोहोचतो. ‘स्टीप लर्निंग कर्व्ह’साठी ‘तीव्र अध्ययन वक्र’ लिहिलंय, तेही कानाला खटकतंय.

प्रतिसाद

मी पोहणं शिकवतो. आम्ही ‘अडकलाय’ म्हणतो. “महिनाभर त्याच टायमिंगला अडकलाय.” पालकांनाही लगेच कळतं. ‘कुंठितावस्था’ मात्र कृपा करून नको, आजाराचं नाव वाटतं.

प्रतिसाद

‘स्टीप’चं बघू या, कारण तिथे अनुवाद नुसता खटकत नाही, चुकतोच. आडव्या अक्षावर सराव आणि उभ्या अक्षावर कौशल्य घेतलं, तर रेषा जितकी उभी चढेल तितका खेळाडू झपाट्याने शिकतोय. लोक बोलताना नेमकं उलट, ‘शिकायला अवघड’ या अर्थाने म्हणतात, कारण डोळ्यांसमोर आलेख नसतो, घाट असतो. मराठीत हा घोळ आयात करायचं काही कारण नाही. ‘सुरुवातीला जड जातं’ किंवा ‘सुरुवातीची चढण अवघड आहे’ म्हणा, आणि वेग सांगायचा असेल तर ‘भराभर शिकतो’.

उभ्या अक्षावर दरवेळी कौशल्यच असतं असंही नाही. जलतरणात, धावण्यात तिथे वेळ असते, नेमबाजीत कधी चुका मोजतात. मग रेषा खाली येते आणि खेळाडू वर जात असतो. उद्योगवाले हा शब्द वापरतात तोही अशाच उतरत्या रेषेवरून. १९३६ साली राइट या अभियंत्याने विमानबांधणीचे आकडे मांडून दाखवलं होतं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानामागची मजुरी ठरावीक प्रमाणात घटते.

‘वक्र’ मला गणिताच्या तासापुरता मान्य आहे. बाहेर त्याला वक्रदृष्टी, वक्री शनी असं बरंच काही चिकटलेलं आहे. ‘शिकण्याचा आलेख’ घ्या.

प्रतिसाद

‘पठार’ ठेवा असं मी म्हणेन, पण अटीवर.

हा शब्द या अर्थाने आला तो खेळातून नाही, तारखात्यातून. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी १८९७ मध्ये तारयंत्र (टेलिग्राफ) चालवायला शिकणाऱ्यांचे आलेख छापले. तार पाठवण्याची रेषा बऱ्यापैकी सलग चढत होती. तार ऐकून उतरवून घेण्याची रेषा मात्र चढायची, मग कितीतरी आठवडे सपाट राहायची आणि पुन्हा चढायची. १८९९ मध्ये त्यांनी कारण मांडलं ते असं: आधी अक्षरं ओळखण्याची सवय लागते, मग शब्दांची, मग वाक्प्रयोगांची. खालची सवय पक्की होईपर्यंत वरची धरत नाही, म्हणून मधे सपाट पट्टा दिसतो. पुढे १९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ केलर यांनी हे पठार म्हणजे भास आहे, असा जोरदार आक्षेप घेतला. तारेचं शिक्षण पठाराशिवायही होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या आलेखावरून शब्द रुजला तोच वादात आहे, आणि क्लबच्या फळ्यावर मात्र पठार हा निसर्गनियम असल्यासारखं लिहिलेलं असतं.

म्हणून माझी अट: आधी चढ, मग सपाट, मग पुन्हा चढ, हे तिन्ही दिसलं तरच पठार. याचा अर्थ पठारावर असताना ‘हे पठार आहे’ हे ठरवता येत नाही. पुढची चढण लागली की मागे वळून नाव देता येतं. तोवर तुमचे जलतरणवाले म्हणतात तो ‘अडकलाय’च खरा.

आणि सपाट काय आहे, हेही विचारायला हवं. बॅडमिंटनचंच बघा. शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे नेटवरून जेमतेम जाऊन जवळच पडणाऱ्या सर्व्हिसचा, सराव चालू आहे. प्रशिक्षक वहीत लिहितो, दहापैकी किती शटल समोरच्या चौकटीत पडली. आठवडेच्या आठवडे सात, सात, आठ, सात. वहीपुरतं पठार. पण नेटजवळ उभं राहून पाहिलं तर सुरुवातीला वीतभर वरून जाणारं शटल आता पट्टीला घासून चाललंय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वरून मारायला मिळत नाही. वहीत उंचीचा रकानाच नाही! हा खेळाडू अडकलेला नाही, मोजमाप अडकलंय.

याहून मोठी गोष्ट म्हणजे सरावाच्या वेळचा आलेख शिकण्याचा नसतोच, कामगिरीचा असतो. शे आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. हातात टेनिसचा चेंडू धरून लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने झटपट पाडायचे. एकच क्रम घोटून मग दुसऱ्याकडे वळणाऱ्यांची सरावातली रेषा चांगली दिसली, क्रम उलटसुलट मिसळून करणाऱ्यांची वाईट. काही दिवसांनी परत तपासलं तर मिसळून करणारे पुढे. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस घेऊन पाहिलं, तिथेही नंतरच्या चाचणीत मिसळून सराव करणारा गट सरस ठरला. तुमच्या पुस्तिकेत हा भाग असेल तर ‘सरावातली कामगिरी’ आणि ‘टिकलेलं शिकणं’ असे दोन शब्द आधीच वेगळे करून ठेवा, नाहीतर पुढची चार पानं कुणाला कळणार नाहीत.

प्रतिसाद

मग नीरज चोप्राचं काय म्हणाल? २०२२ मध्ये ८९.९४ मीटर, नव्वदी पार व्हायला २०२५ उजाडलं, ९०.२३. चढ, सपाट, चढ, तुमच्या तिन्ही अटी पूर्ण.

प्रतिसाद

रेषा तशी दिसते खरी. पण हा फरक २९ सेंटिमीटरचा आहे, आणि मधल्या काळात जांघेच्या स्नायूची दुखापतही होती. इतक्या वरच्या पातळीवर वारा आणि दुखणंखुपणं यांचा हिशेब कौशल्यापासून सुटा करता येत नाही. त्याला मी ‘छताजवळचा खेळ’ म्हणेन. तिथे सुधारणेला जागाच कमी उरलेली असते.

‘घसरण’ही वेगळी ठेवा. गोल्फपटू टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकल्यावर आपला स्विंग मोडून नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेत एकच स्पर्धा हाती लागली, १९९९ मध्ये आठ. जुनं मोडून नवं बसवताना रेषा खाली जाते. तिलाही पठार म्हटलं तर प्रशिक्षक घाबरून जुन्याच तंत्रावर परत येईल.

विचारणा करणारा

बरंच सुटलं. ‘पठार’ ठेवतो, ‘पठारावस्था’ काढतो. आणखी एक: फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्थांपैकी शेवटची, जिथे विचार न करता हालचाल होते, तिला ‘स्वायत्त अवस्था’ लिहिलंय. आणि मधल्या सपाट काळाला कुणी ‘थांबलेला टप्पा’ सुचवलंय.

प्रतिसाद

‘टप्पा’ खेळाच्या पुस्तकात? वाचणारा चेंडू शोधत बसेल.

प्रतिसाद (पोहणं शिकवणारा)

‘स्वायत्त’ ऐकलं की मला महाविद्यालय आठवतं. आपल्याकडे ‘हात बसणं’ आहे ना. टेनिसमध्ये हात बसतो, फलंदाजाची नजर बसते, पोहण्यात हालचाल अंगवळणी पडते. आणि चुकीचाही हात बसतो, हे त्या शब्दात आपोआप येतं. हौशी लोक वर्षानुवर्षं त्याच वेळेत पोहतात ते बहुतेकदा यामुळेच: श्वास घेताना मान उचलायची सवय पक्की बसलेली असते, कंबर खाली जाते, आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी पक्की होत जाते ती मान उचलण्याचीच सवय. त्याला पठार म्हणून धीर देऊ नका. मान खाली ठेवायला शिकवा, दोनतीन आठवडे वेळ वाढेल, ती वहीत ‘घसरण’ म्हणून लिहा.